तात्पुरती व्हीएम गेली, मागं काय काय राहिलं? लिबव्हर्ट सर्व्हरची साफसफाई, पायरीपायरीनं

"दादा, डिस्क भरली म्हणतंय."

जुलैतली संध्याकाळ. कोल्हापूरच्या राजारामपुरीत बाहेर पाऊस ओतत होता आणि आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात नव्यानं लागलेला पोरगा टर्मिनलकडं बघत बसला होता. आम्ही उद्यमनगरातल्या फाउंड्र्या आणि मशिनशॉपसाठी चलन-बिलाचं सॉफ्टवेअर करतो. नवी आवृत्ती निघाली की पाच-सहा तात्पुरत्या व्हीएम, म्हणजे सर्व्हरच्या पोटात चालणारे आभासी संगणक, उभ्या करायच्या, त्यांत इन्स्टॉल करून बघायचं आणि संध्याकाळी पाडून टाकायच्या, असा रोजचा प्रकार. त्या दिवशी यादीत चारच व्हीएम होत्या, चौघींचं मिळून ९० जीबीसुद्धा होत नव्हतं. सर्व्हरची डिस्क ४८० जीबीची आणि त्यात जागा शिल्लक ११ जीबी.

"मग बाकीचं खाल्लं कुणी?" त्याचा प्रश्न रास्त होता. खाल्लं होतं आम्हीच. व्हीएम पाडल्या, पण त्यांचा संसार तसाच पडून होता.

हे सगळं लिनक्सवर व्हीएम चालवणाऱ्या केव्हीएम आणि त्यांचा कारभार बघणाऱ्या लिबव्हर्टबद्दल आहे, कारण आमच्याकडं तेच चालतं. व्हर्च्युअलबॉक्स, वेग्रंट आणि मल्टिपास या व्हीएमच्या दुसऱ्या अवजारांचं शेवटाकडं थोडक्यात येईल. एक खुलासा आधीच करतो. कमांड आणि फोल्डरांचे मार्ग मी उच्चाराप्रमाणं देवनागरीत लिहिलेत, टर्मिनलवर ते रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांतच टाइप करायचे. जिथं कॅपिटल अक्षर लागतं तिथं तसं सांगितलंय, बाकी सगळं स्मॉल.

आधी सातबारा

जमिनीचा व्यवहार करणारा आधी सातबारा बघतो. फाइल पुसणाऱ्यानंही बघावा. ही फाइल कुणाच्या नावावर आहे, तो खातेदार अजून आहे का, आणि तो नसेल तर तिच्यात दुसऱ्या कुणाचा हिस्सा आहे का. बहुतेक लोक करतात ते उलटं. तारीख बघतात, "ही सहा महिन्यांपूर्वीची, उडव" म्हणतात. व्हीएमच्या बाबतीत तारखेइतकी फसवी गोष्ट नाही. आमच्या सर्व्हरवरची सगळ्यांत जुनी तारीख मूळ इमेजवर आहे, जिच्यावर सगळ्या तात्पुरत्या व्हीएम उभ्या राहतात. तिला कुणी हात लावत नाही म्हणून तिची तारीख बदलत नाही. वय बघून पुसायला बसलात तर सगळ्यांत कामाची फाइल पहिली जाईल.

काय काय मागं राहतं

एका व्हीएमच्या नावावर लिबव्हर्ट पाच-सात ठिकाणी काहीतरी ठेवतं. मार्ग उबंटू, डेबियन, फेडोरा या सगळ्यांवर साधारण असेच.

डिस्का `/व्हार/लिब/लिबव्हर्ट/इमेजेस` मध्ये. तात्पुरत्या व्हीएमची डिस्क बहुधा क्यूकाऊ२ ओव्हरले असते, म्हणजे मूळ इमेज खाली आणि फक्त बदल वरच्या फाइलीत. ओव्हरले जन्मते तेव्हा २०० केबीच्या आसपास असते, मग वाढत जाते. तिच्या शेजारीच क्लाउड-इनिटची (पहिल्या बूटला व्हीएमची मांडणी लावणाऱ्या प्रोग्रॅमची) छोटी सीड आयएसओ पडलेली असते. तिनं जागा जात नाही, पण तिच्यात पासवर्डचे हॅश आणि चाव्या असू शकतात.

सेव्ह फायली `/व्हार/लिब/लिबव्हर्ट/क्यूईएमयू/सेव्ह` मध्ये. व्हीएम बंद न करता 'मॅनेज्ड सेव्ह' केली की तिची सगळी मेमरी इथं उतरते. ८ जीबी रॅम दिलेल्या आणि ती वापरून बसलेल्या व्हीएमची फाइल तेवढ्याच घरात जाते. आमची जागा मुख्यतः इथंच गेली होती.

यूईएफआयनं (नव्या पद्धतीच्या फर्मवेअरनं) बूट होणाऱ्या व्हीएमची एनव्हीरॅम फाइल, म्हणजे बूटच्या नोंदींची, `/व्हार/लिब/लिबव्हर्ट/क्यूईएमयू/एनव्हीरॅम` मध्ये, नावाच्या शेवटी कॅपिटलमध्ये अंडरस्कोर व्हार्स आणि मग डॉट एफडी. आभासी टीपीएमची (चाव्या जपणाऱ्या चिपची) अवस्था `/व्हार/लिब/लिबव्हर्ट/एसडब्ल्यूटीपीएम` मध्ये, प्रत्येक व्हीएमला तिच्या यूयूआयडीच्या (तिच्या एकटीच्या ओळख क्रमांकाच्या) नावाचं एक फोल्डर. स्नॅपशॉटच्या नोंदी `/व्हार/लिब/लिबव्हर्ट/क्यूईएमयू/स्नॅपशॉट` मध्ये. लॉग `/व्हार/लॉग/लिबव्हर्ट/क्यूईएमयू` मध्ये. आणि व्हीएमची व्याख्या, म्हणजे खुद्द सातबारा, `/ईटीसी/लिबव्हर्ट/क्यूईएमयू` मधली एक्सएमएल फाइल.

हा कचरा होतो कसा

लिबव्हर्टमध्ये व्हीएम दोन जातीच्या. लिबव्हर्टची कमांड म्हणजे 'व्हर्श'. 'व्हर्श डिफाइन' नं केलेली कायमची, तिची एक्सएमएल डिस्कवर राहते. 'व्हर्श क्रिएट' नं केलेली तात्पुरती, बंद झाली की यादीतून आपोआप जाते. आता गंमत अशी की यादीतून जाते ती फक्त नोंद. डिस्क तुम्ही बनवली होती, ती तुम्हीच पुसायची. लिबव्हर्टनं ती आपण होऊन पुसावी अशी अपेक्षाही करू नये, तिच्यात कुणाचा डेटा आहे हे त्याला काय माहीत?

कायमच्या जातीच्या व्हीएमना 'तात्पुरत्या' म्हणून वापरलं की घोळ वाढतो, आणि आम्ही नेमकं तेच करत होतो. तपासणीची स्क्रिप्ट मधेच कंट्रोल-सी दाबून थांबवली, साफसफाईच्या ओळीपर्यंत ती पोचलीच नाही, व्हीएम तशीच राहिली. असं महिन्यातून चार वेळा.

सगळ्यांत मोठा वाटा मात्र पावसाळ्याचा. लाइट गेली, यूपीएसची बॅटरी खाली आली की सर्व्हर शहाण्यासारखा स्वतःला बंद करतो. बंद होताना 'लिबव्हर्ट-गेस्ट्स' ही सेवा चालू व्हीएमचं काय करायचं ते ठरवते. तिच्या सेटिंगमध्ये (तिथली नावं कॅपिटलमध्ये, शब्दांच्या मधे अंडरस्कोर) 'ऑन शटडाउन'ची किंमत 'सस्पेंड' असेल, तर प्रत्येक कायमच्या व्हीएमची मेमरी सेव्ह फाइलीत उतरवली जाते. तात्पुरत्या जातीच्या व्हीएमना ती सस्पेंड करत नाही. आणि 'ऑन बूट' ची किंमत 'इग्नोर' असेल तर लाइट आल्यावर त्या सेव्ह केलेल्या व्हीएम उठतही नाहीत. आमच्याकडं हे दोन्ही तसंच होतं. म्हणजे प्रत्येक वेळी लाइट गेली की कुणालाच नको असलेल्या व्हीएमची मेमरी इमानेइतबारे डिस्कवर जपून ठेवली जात होती.

पायरी १: जागा कुठं गेली ते नेमकं बघा

`डीएफ -एच`

`सुडो डीयू -एच --मॅक्स-डेप्थ=२ /व्हार/लिब/लिबव्हर्ट`

फाइलीचा आकार 'एलएस' नं बघू नका. व्हीएमच्या डिस्का विरळ असतात. 'एलएस' ४० जीबी दाखवेल आणि प्रत्यक्षात डिस्कवर ३ जीबीच लागलेले असतील. 'डीयू' खरं सांगतं.

'डीएफ' आणि 'डीयू' यांच्या बेरजेत मोठा फरक दिसला, तर कुणीतरी चालू व्हीएमची डिस्क आधीच पुसलेली असू शकते. लिनक्समध्ये उघडी फाइल पुसली तरी तिची जागा सुटत नाही, तिला धरून बसलेली प्रक्रिया संपेपर्यंत. अशा फायली बघायला:

`सुडो एलएसओएफ +एल१`

इथं एल कॅपिटल. या यादीत क्यूईएमयूच्या (व्हीएम प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) नावापुढं एखादी क्यूकाऊ२ फाइल दिसली, तर थांबा. ती व्हीएम बंद करू नका, रीस्टार्टही करू नका. ती चालू आहे तोवर डेटा जिवंत आहे. 'व्हर्श सस्पेंड' नं तिला जागच्या जागी थांबवून `/प्रॉक` मधल्या त्या प्रक्रियेच्या 'एफडी' फोल्डरातून फाइलीची प्रत काढता येते. बंद केलीत की संपलं.

पायरी २: हयात व्हीएमची यादी

`सुडो व्हर्श --कनेक्ट क्यूईएमयू:///सिस्टिम लिस्ट --ऑल`

यातला 'सुडो' आणि 'कनेक्ट' दोन्ही मुद्दाम लिहिलेत. साध्या युजरनं नुसतं 'व्हर्श लिस्ट' म्हटलं की ते बहुतेक वेळा 'सिस्टिम' ला जोडत नाही, त्या युजरच्या स्वतःच्या 'सेशन' ला जोडतं. तिथं यादी रिकामी येते. आता कल्पना करा, तुम्ही स्क्रिप्ट लिहिलीय: यादीत नसलेल्या व्हीएमच्या सगळ्या फायली पुस. यादी रिकामी आहे, म्हणजे सगळ्याच फायली बेवारस! म्हणून आमच्या स्क्रिप्टची पहिली अट अशी आहे की यादी रिकामी आली, किंवा व्हर्शनं चूक कळवली, तर काहीही न करता बाहेर पड.

सेशनवाल्या व्हीएम वेगळ्या बघायच्या. त्यांच्या फायली युजरच्या घरात, `.कॉन्फिग/लिबव्हर्ट/क्यूईएमयू` आणि `.लोकल/शेअर/लिबव्हर्ट` मध्ये असतात. नोम बॉक्सेस (डेस्कटॉपवर व्हीएम चालवायचं अ‍ॅप) वापरणाऱ्यांच्या डिस्का `.लोकल/शेअर/नोम-बॉक्सेस` मध्ये. आमच्या एका पोराच्या होममध्ये असल्या तीन निघाल्या. त्याला स्वतःलाही आठवत नव्हत्या.

कुठल्या व्हीएमची मॅनेज्ड सेव्ह फाइल आहे ते या यादीतच बघता येतं:

`सुडो व्हर्श लिस्ट --ऑल --मॅनेज्ड-सेव्ह`

ज्यांची आहे त्यांच्यापुढं 'शट ऑफ' ऐवजी 'सेव्ह्ड' असं येतं.

पायरी ३: प्रत्येक फाइलीचा मालक शोधा

इथं वेळ घालवा. बाकीच्या पायऱ्या हातच्या आहेत.

सेव्ह फाइलीपासून सुरू करू. तिच्या नावावर विसंबू नका, ती स्वतःच्या पोटात आपल्या व्हीएमची पूर्ण एक्सएमएल बाळगते. ती वाचता येते:

`सुडो व्हर्श सेव्ह-इमेज-डम्पएक्सएमएल /व्हार/लिब/लिबव्हर्ट/क्यूईएमयू/सेव्ह/टेस्ट३.सेव्ह | हेड -५`

पहिल्या चार-पाच ओळींत नाव आणि यूयूआयडी दोन्ही येतात. हा यूयूआयडी यादीतल्या यूयूआयडीशी ताडून बघायचा. नाव नाही, यूयूआयडी. का, ते माझ्याच चुकीवरून सांगतो.

दोनेक वर्षांपूर्वी 'टेस्ट३' नावाची व्हीएम काढायची होती. 'व्हर्श अनडिफाइन' म्हटलं तर नकार आला, मॅनेज्ड सेव्ह फाइल आहे म्हणून. मी घाईत होतो. मी `/ईटीसी/लिबव्हर्ट/क्यूईएमयू` मधली एक्सएमएल हातानं पुसली, लिबव्हर्टची सेवा रीस्टार्ट केली, व्हीएम यादीतून गेली आणि मी चहाला गेलो. सेव्ह फाइल तिथंच. पुढं बऱ्याच महिन्यांनी नव्या पोरानं कोरी व्हीएम केली आणि नाव ठेवलं 'टेस्ट३'. सुरू करायला गेला तर लिबव्हर्ट म्हणतं, ही साठवलेली फाइल दुसऱ्या यूयूआयडीच्या डोमेनची (म्हणजे व्हीएमची) आहे, या डोमेनवर चढवता येणार नाही. बिचारा अर्धा तास आपल्या नव्या एक्सएमएलमध्ये चूक शोधत होता. चूक त्याच्या जन्माआधीची, म्हणजे नोकरीला लागायच्या आधीची होती. सेव्ह फाइलीचं नाव व्हीएमच्या नावावरून ठरतं आणि मयताच्या नावाचाच दुसरा माणूस गावात राहायला आला, असा तो प्रकार.

असं कुणाचं झालं तर `व्हर्श स्टार्ट टेस्ट३ --फोर्स-बूट` म्हणायचं. सेव्ह फाइल फेकून व्हीएम ताजी बूट होते.

एनव्हीरॅमचा सापळा याच जातीचा, पण गुपचूप. तिचंही नाव व्हीएमच्या नावावरून, आणि तिथं यूयूआयडीची तपासणी नाही. जुन्या व्हीएमची एनव्हीरॅम फाइल पडून असेल आणि त्याच नावानं नवी व्हीएम आली, तर नवीला जुन्याच बूट नोंदी मिळतात. मग ती नसलेल्या डिस्कवरून उठायचा प्रयत्न करते. मालक शोधायला 'व्हर्श डम्पएक्सएमएल' मध्ये 'एनव्हीरॅम' चा टॅग बघा. तो मार्ग कुठल्याच व्हीएममध्ये नसेल तर फाइल बेवारस.

टीपीएम सोपं. फोल्डरचं नावच यूयूआयडी. `सुडो व्हर्श लिस्ट --ऑल --यूयूआयडी` ची यादी शेजारी ठेवून जुळवायचं. पण पुसताना इथं सगळ्यांत जास्त सावध राहा. विंडोज ११ च्या व्हीएममध्ये कुणी बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्ट करणारी विंडोजची सोय) चालू केला असेल तर डिस्कची चावी त्या टीपीएममध्ये आहे. डिस्क कुठंतरी बॅकअपला आहे, व्हीएम नंतर परत उभी करू म्हणून यादीतून काढलीय, आणि तुम्ही टीपीएमचं फोल्डर पुसलंत, तर रिकव्हरी की शोधत बसायची वेळ येईल.

आता डिस्का. आधी हयात व्हीएम कुठल्या डिस्का वापरतात ते:

`फॉर डी इन $(सुडो व्हर्श लिस्ट --ऑल --नेम); डू सुडो व्हर्श डॉमब्लकलिस्ट "$डी" --डिटेल्स; डन`

पण ही यादी अर्धीच आहे. यात वरची ओव्हरले दिसते, तिच्या खालच्या इमेज येतीलच असं नाही. त्या बघायला प्रत्येक ओव्हरलेवर:

`सुडो क्यूईएमयू-आयएमजी इन्फो --फोर्स-शेअर --बॅकिंग-चेन /व्हार/लिब/लिबव्हर्ट/इमेजेस/टेस्ट५.क्यूकाऊ२`

'फोर्स-शेअर' लावायचं कारण, चालू व्हीएमच्या डिस्कवर कुलूप असतं आणि त्याशिवाय कमांड नकार देते. साखळीत जेवढी नावं येतील तेवढी सगळी 'वापरात' धरायची. मूळ इमेज म्हणजे शेतातली सामाईक विहीर. ती एकाच्याच नावावर दिसत नाही, पण बुजवलीत तर दहा जणांचं रान वाळतं. ती पुसली, किंवा नुसती सुरू करून तिच्यात एखादा अपडेट टाकला, तरी वरच्या सगळ्या ओव्हरले बिघडतात. म्हणून आम्ही मूळ इमेजना आता `सुडो चॅट्र +आय` लावून ठेवलंय. मग रूटनं 'आरएम' केलं तरी ती जात नाही.

व्हीएम नाही, पण डिस्कवर पडून असलेल्या बेवारस ओव्हरलेही याच साखळीतून जातात. म्हणून क्रम असा: आधी बेवारस ओव्हरले काढायच्या, मग पुन्हा साखळ्या मोजायच्या, आणि त्यानंतर कुठल्याच साखळीत नसलेल्या मूळ इमेजचा विचार करायचा. उलट केलंत तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

पायरी ४: काढायचं ते लिबव्हर्टच्या हातून

व्हीएम यादीत आहे पण नको आहे, तर फायलींना हात लावू नका. सेव्ह फाइल तेवढी काढायची असेल तर:

`सुडो व्हर्श मॅनेजडसेव्ह-रिमूव्ह टेस्ट५`

पूर्ण व्हीएम काढायची तर:

`सुडो व्हर्श अनडिफाइन टेस्ट५ --मॅनेज्ड-सेव्ह --स्नॅपशॉट्स-मेटाडेटा --एनव्हीरॅम`

नव्या आवृत्त्यांत शेवटी `--टीपीएम` ही जोडता येतं. डिस्कसाठी `--रिमूव्ह-ऑल-स्टोरेज` असा पर्याय आहे, आणि तो नावाला जागतो. व्हीएमला जोडलेला पूलमधला (लिबव्हर्टकडं नोंदवलेल्या साठ्याच्या फोल्डरातला) प्रत्येक व्हॉल्यूम, म्हणजे डिस्क फाइल, तो काढतो. दोन व्हीएमना मिळून एक डेटा डिस्क लावलेली असेल तर तीही जाईल, सीडीरॉमला लावून विसरलेली इन्स्टॉलेशनची आयएसओसुद्धा जाऊ शकते. मी तो वापरत नाही. `--स्टोरेज` म्हणून नेमका डिस्कचा मार्ग देतो. दहा अक्षरं जास्त टाइप करावी लागतात, करतो.

पायरी ५: बेवारस फायली लगेच पुसू नका

ज्या फायलींचा मालक सापडलाच नाही, त्यांना आमच्याकडं आठवडाभर पडवीत ठेवतात. `/व्हार/लिब/लिबव्हर्ट/पडवी` असं फोल्डर केलंय, परवानगी फक्त रूटला. हलवण्याआधी प्रत्येक फाइलीवर:

`सुडो फ्यूजर -व्ही /व्हार/लिब/लिबव्हर्ट/इमेजेस/जुनी.क्यूकाऊ२`

काही छापून आलं तर कुणीतरी ती धरून बसलंय. मग हलवायची नाही. हे महत्त्वाचं कारण चालू व्हीएमची फाइल 'एमव्ही' नं हलवली तर त्या क्षणी काहीच होत नाही. व्हीएम मजेत चालते, आणि दोन आठवड्यांनी रीस्टार्ट केल्यावर डिस्क सापडत नाही म्हणते. तोवर पडवी झाडून झालेली असते.

त्याच फाइलसिस्टिमवर हलवल्यानं जागा मोकळी होत नाही, फक्त नाव बदलतं. डिस्क अगदी गळ्यापर्यंत आली असेल तर पडवी दुसऱ्या डिस्कवर करावी लागते. तिथं नेताना `सीपी --स्पार्स=ऑलवेज` वापरा, नाहीतर विरळ फाइल तिकडं फुगून बसेल.

आठवड्यात कुणी ओरडलं नाही की पुसायचं. सेव्ह फाइलीत व्हीएमची अख्खी मेमरी असते हे लक्षात ठेवा. त्या क्षणी मेमरीत असलेले पासवर्ड, एसएसएचच्या (दुरून लॉगइन करायच्या) चाव्या, गिऱ्हाइकाच्या चाचणी डेटाबेसमधल्या नोंदी, सगळं त्यात. म्हणून अशा फायली पेनड्राइव्हवर टाकून "नंतर बघू" म्हणायचं नाही. फाइलीवर आधी कचरा लिहिणारं 'श्रेड' चालवून पुसल्याचं समाधान मिळतं, पण एसएसडीवर त्याचा भरवसा नाही. एसएसडी नवीन लिहिलेलं जुन्याच जागी लिहील असं नसतं. सर्व्हरची डिस्कच सुरुवातीपासून एन्क्रिप्ट केलेली असणं हा खरा उपाय. पुसून झाल्यावर `सुडो एफएसट्रिम -व्ही /` चालवलं की मोकळी जागा एसएसडीलाही कळते.

शेवटी `सुडो व्हर्श पूल-रिफ्रेश डीफॉल्ट`. नाहीतर लिबव्हर्टच्या यादीत पुसलेल्या फायली दिसत राहतात.

पायरी ६: स्क्रिप्ट करायची तर

सगळं हातानं दोन-तीनदा करून झाल्याशिवाय स्क्रिप्टच्या वाटेला जाऊ नका. आमची स्क्रिप्ट पुसत नाही, फक्त पडवीत हलवते आणि काय हलवलं ते लिहून ठेवते. पुसणं माणसाच्या हाती.

एक खाचखळगा असा, की स्क्रिप्ट चालू असताना दुसरीकडं कुणीतरी नवी व्हीएम उभी करत असतं. आधी डिस्क बनते, मग व्याख्या नोंदली जाते. मधल्या काही सेकंदांत ती डिस्क बेवारसच दिसते. इथं मात्र वय कामाला येतं, पण फक्त सोडून देण्यासाठी: गेल्या २४ तासांत बदललेल्या फाइलीकडं बघायचंच नाही. 'फाइंड' मध्ये `-एममिन +१४४०`.

लिनक्सच्या सेवा चालवणाऱ्या सिस्टिमडीच्या 'सिस्टिमडी-टीएमपीफाइल्स' ला हे काम देण्याचा मोह होतो. अमुक दिवसांपेक्षा जुनं ते साफ कर, एका ओळीत झालं. देऊ नका. त्याला फक्त तारखा कळतात, साखळी कळत नाही.

कचरा होऊच नये म्हणून

चाचणीच्या व्हीएम आता खऱ्या अर्थानं तात्पुरत्या करतो, 'व्हर्श क्रिएट' नं. 'व्हर्ट-इन्स्टॉल' वापरणाऱ्यांसाठी `--ट्रान्झियंट` आहे. अशा व्हीएमची आभासी टीपीएमही, एक्सएमएलमध्ये उलट सांगितलं नसेल तर, व्हीएमबरोबरच साफ होते.

त्यांच्या ओव्हरले वेगळ्या पूलमध्ये, 'कच्चं' नावाच्या. त्या फोल्डरात मूळ इमेज ठेवायची नाही हा नियम. एवढ्या एका गोष्टीनं निम्मं डोकं हलकं झालं. नावात तारीख आणि करणाऱ्याची आद्याक्षरं. 'टेस्ट३' हे नाव आमच्याकडं कायमचं बाद.

स्क्रिप्टमध्ये 'ट्रॅप' लावून बाहेर पडताना साफसफाई करता येते, कंट्रोल-सी दाबलं तरी ती चालते. पण 'किल -९' पुढं ट्रॅपचं काही चालत नाही. म्हणून चाचण्या आता सिस्टिमडीच्या सेवेतून चालवतो आणि साफसफाई 'एक्झेकस्टॉपपोस्ट' (ई, एस, पी कॅपिटल) मध्ये लिहिलीय. मुख्य प्रक्रिया कशीही मेली तरी ते चालतं. लाइटच गेली तर अर्थात कुणाचंच चालत नाही, त्यासाठी तीच साफसफाई बूटनंतर एकदा.

आणि 'लिबव्हर्ट-गेस्ट्स' चं सेटिंग. डेबियन-उबंटूवर `/ईटीसी/डीफॉल्ट/लिबव्हर्ट-गेस्ट्स`, फेडोराच्या घराण्यात `/ईटीसी/सिसकॉन्फिग/लिबव्हर्ट-गेस्ट्स`. 'ऑन शटडाउन' ला 'शटडाउन' लिहा आणि 'शटडाउन टाइमआउट' ला यूपीएस जेवढा वेळ देतो त्याच्या आतला आकडा. यूपीएस ४ मिनिटं टिकतो आणि टाइमआउट ३०० सेकंद, असं आमच्याकडं काही महिने होतं. हसू नका, तुमचं एकदा बघून घ्या.

दुसरी अवजारं वापरत असाल तर

व्हर्च्युअलबॉक्समध्ये `व्हीबॉक्समॅनेज लिस्ट व्हीएम्स` (व्ही, बी, एम कॅपिटल) केल्यावर 'इनअ‍ॅक्सेसिबल' लिहिलेल्या नोंदी म्हणजे फोल्डर हातानं उडवलेल्या व्हीएम. त्या 'अनरजिस्टरव्हीएम' नं काढायच्या. सेव्ह केलेली अवस्था 'डिस्कार्डस्टेट' नं जाते. ती फाइल डॉट एसएव्ही नावानं व्हीएमच्या स्नॅपशॉट्स फोल्डरात असते. सुट्या डिस्का `लिस्ट एचडीडीज` मध्ये दिसतात, त्या 'क्लोजमीडियम' नं.

वेग्रंटवाल्यांनी प्रोजेक्टचं फोल्डर पुसण्याआधी 'वेग्रंट डिस्ट्रॉय' म्हणायचं. नंतर म्हटलं तर कशाला म्हणायचं ते वेग्रंटला कळत नाही, व्हीएम मात्र चालूच. `वेग्रंट ग्लोबल-स्टेटस --प्रून` नं शिळ्या नोंदी जातात आणि `वेग्रंट बॉक्स प्रून` नं जुन्या आवृत्त्यांचे बॉक्स.

मल्टिपासमध्ये 'डिलीट' म्हणजे फक्त कचऱ्याच्या डब्यात. 'मल्टिपास पर्ज' म्हणेपर्यंत जागा सुटत नाही. हे माहीत नसल्यामुळं "डिलीट केलं तरी डिस्क भरलेलीच" अशी तक्रार घेऊन माणसं येतात.

राहिलेलं किरकोळ

पोराबरोबर बसून आम्ही हे सगळं दोन संध्याकाळी केलं. सेव्ह फोल्डरातून १४० जीबी, बेवारस ओव्हरलेंमधून आणखी शंभरेक. त्यानंतर चारही हयात व्हीएम एकेक करून बंद केल्या आणि पुन्हा सुरू करून बघितल्या. ही पायरी टाळू नका. चालू व्हीएम काहीच सांगत नाही. ती बंद होऊन पुन्हा उठली, तरच तिचं सगळं जागेवर आहे.

तिसऱ्या दिवशी पोरगा परत आला. "दादा, नव्या व्हीएमला एसएसएच घेईना. चावी बदललीया म्हणतंय."

डीफॉल्ट नेटवर्कवर १९२.१६८.१२२ नं सुरू होणारे पत्ते मोजकेच, मेलेल्या व्हीएमचा पत्ता नवीला मिळतो आणि आपल्या लॅपटॉपच्या 'नोन होस्ट्स' या ओळखीच्या यंत्रांच्या फाइलीत जुन्याच व्हीएमची चावी बसलेली असते. `एसएसएच-कीजेन -आर` (आर कॅपिटल) आणि पुढं तो पत्ता. तेवढी एक फाइल सर्व्हरवर नव्हती, म्हणून आमच्या यादीत आली नव्हती.